गांधारीचा नेम

आमच्यात भारत, म्हणजे महाभारत, घरात वाचत नाहीत. बाकी सगळ्या पोथ्या खुशाल वाचाव्यात, पण भारत वाचायचं ते देवळात, फार तर पारावर. घरात भारत वाचलं की घरात भारत होतं, असं आमची जुनी माणसं म्हणत आणि त्यावर कोणी वाद घालत नसे. आता घरोघरी कोणी काहीच वाचत नाही, तरी व्हायचं ते होतंच, हा भाग वेगळा. तर हा नियम आमच्या धारच्या घरात एकदाच मोडला, आणि तो माझ्या तोंडून मोडला. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांची असेन. पुढे नोकरी झाली, लग्न झालं, मुलं झाली, त्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही, चारचौघींसारखंच ते. पण त्या एका पावसाळ्यापासून कार्तिकापर्यंतचे महिने मात्र माझ्या अंगातून अजून गेलेले नाहीत.

अण्णा, म्हणजे माझे वडील, धारला एका शाळेत इतिहास शिकवत. आमच्या घराण्यात पूर्वी संस्थानची कारकुनी होती. संस्थान गेलं, कारकुनी गेली, मागे राहिलं ते बोलणं. बाहेर सगळा कारभार हिंदीत आणि माळवीत चाले, भाजीवाल्याला भिया म्हटल्याशिवाय कोथिंबीर मिळत नसे, पण उंबऱ्याच्या आत आलं की अण्णा 'जेवावयास चलावे' म्हणत. आईला मी वहिनी म्हणत असे. अण्णांचे धाकटे भाऊ लग्नं होईपर्यंत आमच्याकडेच होते, ते वहिनी म्हणत म्हणून मीही. त्या काळी पुष्कळ घरांत असं होतं, कोणाला काही वाटत नसे. इथेही मी तिला वहिनीच म्हणणार, या वयात दुसरं काही म्हणायला जीभ वळत नाही.

एका ओळीत तीन खोल्यांचं भाड्याचं घर होतं. पुढची उजेडाची, मागची स्वयंपाकाची, आणि मधली अशी की भर दुपारीही तिच्यात सुई ओवता येऊ नये. सकाळी गल्लीतून पोहेवाल्याची हाळी यायची, मागोमाग सेव तळल्याचा वास. आमच्याकडे सेव कशावरही पडायची: पोह्यांवर, आमटीवर, अगदी कधीकधी दहीभातावरसुद्धा. अण्णा चहा पीत बसायचे आणि मी त्यांना वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवायची. हे आधी माझं वाचन सुधारावं म्हणून सुरू झालं होतं. हिंदी शाळेतल्या मुलांची मराठी अडखळते, ती माझी अडखळू नये, हा त्यांचा हट्ट. कुठे थांबायचं, कुठे आवाज उतरवायचा, हे ते बोटाने पाटावर टकटक करून सांगत. पुढे पुढे ते मला वाचायला लावत होते ते माझ्यासाठी नव्हे तर स्वतःसाठी, हे मला कळलं नाही. कोणालाच कळलं नाही. काचबिंदूचं तसंच असतं म्हणतात, कडेकडेने अंधार येत जातो आणि माणसाला वाटतं आपण जरा वेंधळे झालो आहोत. अण्णा दाराच्या चौकटीला खांदा आपटायचे आणि स्वतःवरच हसायचे. इंदूरच्या डॉक्टरांकडे गेले तोवर फार उशीर झालेला होता. त्या हिवाळ्याच्या शेवटी त्यांची शाळा सुटली आणि ते मधल्या खोलीतल्या कॉटवर येऊन बसले.

आषाढी एकादशीला गल्लीतल्या बायका चातुर्मासाचा नेम धरत. कोणी वांगं-कांदा सोडी, कोणी जमिनीवर जेवण वाढून घेई, शेजारची एक काकू मुक्याने जेवायची आणि मीठ कमी पडलं की हातवारे करून आख्खं घर डोक्यावर घ्यायची. कार्तिकात उद्यापन करायचं, जे सोडलं ते कुणाला तरी दान द्यायचं आणि मग स्वतः पुन्हा सुरू करायचं. अशी ती पद्धत. त्या वर्षी वहिनीने नेम धरला तो वेगळाच. जे ह्यांना दिसत नाही ते मी पाहणार नाही, असं तिने देवापुढे पाणी सोडून सांगितलं. आता संसार करायचा म्हणजे डोळे बांधून चालत नाही, तेव्हा तिने आपलं पाहणं कमीत कमी करत आणलं. आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवला. देवाच्या निरांजनाखेरीज संध्याकाळी घरात दिवा नाही. श्रावणात धारेश्वराची पालखी आमच्या गल्लीच्या तोंडावरून जाते, सगळी गल्ली लोटते, ती मधल्या खोलीत अण्णांच्या पायाशी बसून राहिली असणार. ते दृश्य मी पाहिलं नाही, कारण तोवर मला देवासला धाडलं होतं. पण जायच्या आधीचे काही दिवस आठवतात. केस ती चाचपून विंचरी. कुंकू चाचपून लावी, त्यामुळे ते कधी डाव्या भुवईकडे सरकलेलं असे, आणि ते सांगायची मला भीती वाटायची. मी शाळेतून आले की चुलीकडे तोंड करूनच म्हणायची, ताट झाकून ठेवलंय, जेव. मी मुद्दाम समोर जाऊन उभी राहिले तर तिची नजर माझ्या गळ्याच्या खाली कुठेतरी, फ्रॉकच्या बटणांवर थांबायची.

मला देवासला का पाठवलं, तर चार महिने तरी ह्यांच्याकडे पुरतं लक्ष देता यावं म्हणून. निदान मला सांगितलं ते हेच. देवासला वहिनीचा भाऊ, माझा मामा, कारखान्यात नोकरीला होता. सहामाहीपर्यंत तिथल्या शाळेत नाव घालायचं, नेमाचं उद्यापन झालं की परत धारला. निघताना अण्णांनी माझं डोकं चाचपलं, मग कान, मग नाक, जणू काही लक्षात ठेवायचं राहून जाऊ नये. वहिनीने हातावर दही घातलं आणि म्हणाली, मामीला त्रास देऊ नकोस.

मामामामी चांगले होते हे आधीच सांगून टाकते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल छळ झाला. मामी सांगलीकडची, गोड बोलायची, गोडा मसाला घालून आमटी करायची आणि मी त्यात सेव मागितली की कपाळाला हात लावायची. माझ्या जुनाट बोलण्यावर ती आणि तिच्या शेजारणी पोट धरून हसत. त्या सगळ्या नोकरीच्या निमित्ताने महाराष्ट्रातून आलेल्या, त्यांच्या लेखी आम्ही धार-इंदूरचे मराठी म्हणजे जुन्या पेटीतून काढलेली माणसं. शाळेत पोरी मला 'ए धारवाली' म्हणून हाक मारत, वाईट मनाने नव्हे, पण नावाने कोणीच नाही. कारखान्याचा भोंगा झाला की सगळी वसाहत एकदम हलायची, डबे, सायकली, फाटकांचे आवाज, आणि मग एकदम सगळं शांत. त्या शांततेत मी क्वार्टरच्या पायरीवर बसून माताजीच्या टेकडीकडे बघत राहायची. मला फार एकटं वाटायचं. रडू यायचं नाही, भूकही लागायची, झोपही लागायची. पण कोणी आपल्याकडे बघत नाही असं वाटायचं, आणि मामी तर समोर बसून माझ्या वेण्या घालत असायची. हे कसं सांगायचं ते मला तेव्हा कळत नव्हतं. अजूनही नीट सांगता येत नाही. मी कार्तिकी एकादशीची वाट बघत होते, बस्स. तो नेम सुटला की वहिनी वर बघेल आणि मी तिला दिसेन, असा माझा हिशेब होता.

वसाहतीच्या टोकाला एक छोटं दत्ताचं देऊळ होतं. चातुर्मासात दुपारी तिथे बायका जमत, मांडीवर कापूस घेऊन वाती वळत आणि भारत ऐकत. वाचणाऱ्या काकू श्रावणात हाटपिपल्याला लेकीकडे गेल्या, तिथे कोणाचं तरी दुखणं निघालं आणि त्या अडकल्या. वाती वळणाऱ्या हातांना पोथीची पानं धरता येत नाहीत. वसाहतीतली पोरं वाचायला बसवली तर ती एकेका शब्दावर खडे चावल्यासारखी करीत. मग मामीने मला पुढे केलं. मी अण्णांच्या टकटकीवर तयार झालेली, मला काय, मी सुरू झाले. बायका वाती वळायच्या विसरल्या. शाळा सुटली की पाटी-दप्तर घरी टाकून मी देवळात जायची, आणि खरं सांगायचं तर त्या महिन्यांत मला कोणी तरी विचारतंय असं तेवढ्याच वेळात वाटायचं.

गांधारीची कथा आली तेव्हा भाद्रपद लागला होता. नवरा आंधळा आहे हे कळल्यावर तिने वस्त्राच्या घड्या घातल्या आणि डोळ्यांवर बांधल्या, इथवर मी वाचलं. एका बाईने वातीचा हात थांबवून दुसरीला सांगितलं की हिची आई तशीच आहे बरं का, मामीच्या वन्सं. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. कोणी हात जोडले. मामीचे डोळे भरून आले. अशी पतिव्रता या काळात मिळायची नाही, पोरी, तू भाग्याची. मला भाग्याचं काही वाटेना. मी पान उलटलं. पुढे तिला मुलं झाली, ती वाढली, भांडली, त्यांनी करू नये ते केलं. मी वाचत गेले आणि एका जागी थांबून विचारलं की मग त्या मुलांकडे कोण बघत होतं?

मामीला ते झोंबलं. तिला वाटलं मी आईवर ठपका ठेवतेय, आणि तोही चारचौघींत. ती म्हणाली, दासी असतात राजांकडे. मी म्हटलं, दासी न्हाऊ घालतात, बघतात का? तिथे माई म्हणून एक म्हातारी यायच्या, देवळाच्या पुजाऱ्यांच्या आई, जुन्या देवासच्या. त्यांचं बोलणं अर्धं हिंदीत. त्या वात दोन बोटांत फिरवत म्हणाल्या, "पतिव्रता-बितिव्रता काही नाही, बाई. तिला फसवून दिली. मुलगा आंधळा आहे, सांगितलं कोणी? आता भांडणार कोणाशी, भीष्माशी? मग बांध पट्टी. ती गुस्स्याची पट्टी आहे, समझी? तुम्ही मला काय दाखवलंत, तर घ्या, आता मी काहीच बघत नाही." एकीने कानांना हात लावला. माई शांतपणे पुढची वात घेऊन बसल्या. मला त्या रागाची गोष्ट फार पटली. पण घरी येताना मनात आलं, वहिनीला तर कोणी फसवलं नव्हतं. लग्नात अण्णा चांगले डोळस होते, पिंपळाखालच्या पाहुण्यांत त्यांनी तिला लांबूनच ओळखलं होतं, ही गोष्ट अण्णा पुष्कळदा सांगत. मग वहिनी कोणावर रागावली?

मामा दरवर्षी भाऊबीजेला धारला जाई. त्या वर्षी तो मला घेऊन गेला. मला तिथे सोडून तो परत फिरणार होता आणि तुळशीच्या लग्नानंतर पुन्हा येणार होता. तेव्हा मला परत न्यायचं की धारच्या शाळेत नाव घालायचं, हे उद्यापन झालं की ठरायचं होतं. इंदूरला बस बदलली, घाटाबिल्लोदच्या पुढे हवेत गारवा आला. वहिनीने मामाला ओवाळलं. निरांजनाच्या उजेडात तिचं तोंड मला पहिल्यांदा नीट दिसलं. वाळली होती. नजर तबकावर होती, हात बरोबर भावाच्या कपाळाशी गेला आणि कुंकू बरोबर मध्ये लागलं. मला ती म्हणाली, उंच झालीस. ते तिने माझ्या खांद्याला हात लावून ताडलं होतं.

एकादशी झाली, द्वादशी आली. उद्यापन म्हणून तिने गल्लीतल्या सवाष्णी जेवायला बोलावल्या होत्या. पुरणाचा वास सगळ्या घरात भरला होता. देवाजवळ दान द्यायचा आरसा आणि समई मांडलेली होती, मी ती सकाळपासून दहादा पाहून आले होते. पानं मांडली, बायका बसल्या, आणि वहिनी हात जोडून म्हणाली की उद्यापन करते, पण नेम सोडत नाही. ह्यांच्या बरोबरीने जन्मभर चालवायचा आहे. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. कोणी म्हणालं, धन्य आहे तुझी. मुक्याने जेवणारी काकू, जिचं मौन त्याच दिवशी सुटलं होतं, ती म्हणाली, ही आमची धारची गांधारी हो. त्यांनी तिची ओटी भरली. मी दारात तुपाची वाटी घेऊन उभी होते. देवासला परत जायचं, हे मला तेव्हा नक्की कळून चुकलं.

अण्णा मधल्या खोलीत कॉटवर बसले होते. सगळं त्यांच्या कानांवर पडत होतं. त्यांनी मला हाक मारली आणि विचारलं की देवासला देवळात काय वाचत होतीस. मी सांगितलं. गांधारीचं वाचलंस का? हो म्हटलं. तर ते म्हणाले, सांग मला. बाहेर बायकांचं जेवण चाललेलं. वहिनी घाईने आत आली, घरात भारत नको म्हणाली. अण्णा म्हणाले, ती वाचत कुठे आहे, सांगते आहे. मग मी उभ्याउभ्याच सांगितलं. अण्णांची टकटक नव्हती, तरी कुठे थांबायचं ते मला येत होतं. बाहेरच्या बायका हळूहळू गप्प झाल्या. वस्त्राच्या घड्या, पट्टी, मुलं, मुलांची भांडणं, सगळं सांगितलं, माईंचा राग सांगितला, आणि मी देवळात विचारलं होतं तेही पुन्हा विचारलं.

अण्णा हसले. वर्षभरात ते हसलेले मी ऐकले नव्हते. मग त्यांनी मान वहिनी होती त्या बाजूला वळवली. "पोरांचं राहू दे," ते म्हणाले, "धृतराष्ट्राला कोणी विचारलं का? आंधळ्याच्या घरात दुसरा आंधळा काय कामाचा? अगं, मला अंधारात सोबत नको होती. मला बाहेर ऊन आहे की ढग, एवढं सांगणारं कोणी हवं होतं. मी चार महिने गप्प बसलो, कारण सगळं गाव तुझ्या पाया पडत होतं."

वहिनीने बायकांना पुरण वाढलं, आग्रह केला, विडे दिले. बायका नेहमीपेक्षा लवकर उठल्या. जाताना त्या माझ्याकडे अशा पाहत होत्या की पोरीने घरात भारत आणलंच शेवटी. तो आरसा आणि समई कोणी नेली नाही.

ती मागच्या अंगणात भांड्यांना बसली होती. ऊन कलतं झालं होतं. मी राख घेऊन शेजारी बसले. मला वाटलं ती रागावेल, मारील, मारलं असतं तर बरंच वाटलं असतं. तिने परात घासता घासता विचारलं, "तुला वाटतं मी हे ह्यांच्यासाठी केलं?" मग ती बोलली. मान खालीच होती. इंदूरच्या डॉक्टरांनी अण्णांना बाहेर बसवून तिला सांगितलं होतं की हा रोग रक्तातून येतो, बापाला असला की पोरांना व्हायची भीती असते, तेव्हा मुलीच्या डोळ्यांवर लक्ष ठेवत जा. "लक्ष ठेव म्हणाले," ती म्हणाली. "तू दाराला धडकलीस की माझ्या छातीत धस्स व्हायचं. तू पान जवळ धरून वाचलंस की माझा घास घशात अडकायचा. तुझ्याकडे बघितलं की मला तू दिसायची नाहीस, कुमे. नुसते डोळे दिसायचे. म्हणून मी नेम धरला. देवाला म्हटलं, मला बघायला लावू नकोस." मी राख तशीच हातात धरून बसले. थोड्या वेळाने तिने हात धुतले, माझी हनुवटी धरली, तोंड उन्हाकडे वळवलं, आणि आधी उजवा, मग डावा, असे माझे दोन्ही डोळे खूप वेळ पाहिले. त्यात काही दिसत नसतं, हे तिलाही माहीत होतं.

त्या संध्याकाळी तिने दानाचीच समई लावली. आरसा सरळ केला. कुंकू पुसून पुन्हा लावलं आणि जाऊन पुढच्या खोलीच्या दारात बसली, अण्णांची कॉटही तिथवर ओढून घेतली. अण्णांनी विचारलं, काय दिसतंय? ती सांगू लागली: समोरच्यांनी तुळशीला ऊस बांधलाय, एक वाकडा बांधलाय, पोरांनी फुलबाज्या काढल्यात, जोशांकडे पाहुणे आलेत, बाईची साडी हिरवी आहे, आपल्या लग्नातल्या शालूसारखी. अण्णा मध्येच काहीतरी विचारत, ती उत्तर देई. पहिल्यांदा तिला शब्द सुचत नव्हते, मग सुचू लागले. पुढे वीस वर्षं ती त्यांना सगळं असं सांगत राहिली, आणि शेवटी शेवटी गल्लीतले लोक अण्णांना म्हणत की तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त दिसतं. मी मागच्या खोलीच्या उंबऱ्यात बसून ऐकत होते. माझ्या प्रश्नाने अण्णांना त्यांची डोळस बायको परत मिळाली होती. मला फार आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही, पण मला भूक नव्हती.

मामा आला तेव्हा वहिनीने माझी पिशवी भरूनच ठेवली होती. तिकडेच राहू दे तिला, ती म्हणाली, शाळा मध्येच कशाला बदलायची. अण्णांनी पुन्हा माझं डोकं चाचपलं. मी देवासला शाळा पुरी केली, कॉलेज केलं, तिथेच शिक्षिका झाले आणि तिथेच लग्नही झालं. दिवाळीला आणि मेमध्ये धारला जाई. दर खेपेस पाऊल घरात पडलं की वहिनी मला उजेडाकडे घेऊन जाई आणि डोळे बघे. अजून ठीक आहेत, म्हणे, आणि मग सुटल्यासारखी कामाला लागे. माझे डोळे आज सत्तरीजवळ आले तरी ठणठणीत आहेत. डॉक्टर म्हणतात, तुमच्या वडिलांचं तुमच्यात उतरलंच नाही.

शाळेत मी मुलांना ही कथा पुष्कळ वर्षं शिकवली. मुलं विचारत, गांधारी चांगली की वाईट? मी तरुण होते तेव्हा म्हणायची, वाईट. आईने डोळे मिटले की पोरं दुर्योधनच होणार. पुढे माईंचं सांगायची, की ती रागावली होती, आणि तिचा राग खरा होता. आता मला तिसरंच वाटतं, आणि ते मुलांना सांगण्यासारखं नाही. नवरा जन्मांध. तिला मुलं व्हायची होती. पोटच्या पोराने पहिल्यांदा डोळे उघडावेत आणि ते कुठेच बघत नसावेत, याची तिला किती भीती वाटली असेल? पट्टी तिने नवऱ्यासाठी बांधली असं सगळे म्हणतात, कारण तो मोठा माणूस होता आणि त्याच्यासाठी केलेलं दिसतं. पाळण्यात कोण झोपणार आहे हे कोणी मनात आणलं नाही. मीही आणलं नव्हतं. मुलांकडे कोण बघत होतं, एवढंच विचारत बसले.

वहिनी फार म्हातारी होऊन गेली, पण तिची नजर शेवटपर्यंत चांगली होती. सुईत दोरा स्वतः ओवायची. मी निवृत्त झाले तेव्हा शाळेने सगळ्या शिक्षिकांचा एक फोटो काढून दिला. तो घेऊन मी धारला गेले. तिने आधी नेहमीसारखं मला दाराशी नेलं, डोळे पाहिले, ठीक आहेत म्हणाली. मग फोटो घेतला. आम्ही बायका रांगेने बसलेल्या, कोणी जाड, कोणी बारीक, सगळ्यांच्या साड्या सारख्या. तिचं बोट पहिल्या रांगेवरून गेलं, मागच्या रांगेवरून गेलं, परत पुढे आलं. उजेडात धरून पाहिलं. मग जरा ओशाळून तिने फोटो माझ्यापुढे धरला. "एवढ्याशा फोटोत डोळे कुठे दिसतायत," ती म्हणाली. "तूच दाखव बाई, यातली तू कुठली."